आईची किडनी आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचं डायलिसिस चालू आहे. आई त्याला किडनी देणार आहे. तपासणीत तिचा सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आला, भावाचा निगेटिव्ह. ‘माझा रोग लेकाला लागेल’ म्हणून आई आता कचरते आहे. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आईंना सांगा, त्यांना कुठलाही रोग नाही. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचा संसर्ग आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, बऱ्याचदा कळतही नाही. आयजीजी पॉझिटिव्ह ही तो पूर्वी होऊन गेल्याची रक्तातली खूण. नंतर तो शरीरात निपचित राहतो. माझ्याकडे किडनी द्यायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईचा रिपोर्ट असाच असतो. त्यावरून दाता नाकारत नाहीत.

भावाचा निगेटिव्ह मात्र मी गांभीर्याने घेते. किडनीबरोबर हा विषाणू त्याच्या शरीरात जाऊ शकतो. त्याची ओळख नसलेली प्रतिकारशक्ती नेमकी तेव्हाच, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून, औषधांनी दाबलेली असते. म्हणून अशा रुग्णाला साधारण 6 महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही विषाणूला रोखणारी गोळी देतात. ती महाग आहे. परवडत नसेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. वरचेवर पीसीआर, म्हणजे रक्तातला विषाणू शोधणारी तपासणी, करून लक्ष ठेवण्याचाही मार्ग आहे. या गोळीने पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा रक्ततपासणी चुकवू नये. गोळ्या संपल्यावरही काही महिने ताप, जुलाब किंवा फार थकवा आला तर लगेच दाखवा.

मला जास्त धास्ती वाटते ती ताज्या संसर्गाची. तारीख पुढे जाईल म्हणून आया ताप अंगावर काढतात, आणि पावसाळ्यात तो डेंगीचा असू शकतो. दात्याकडून डेंगी गेल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत. थोडं थांबून शस्त्रक्रिया करता येते.

कुत्रं चावलं असेल तर तेही सांगा, जखम कितीही लहान असो. 2004 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये एकाच मृत दात्याच्या किडन्या, यकृत आणि रक्तवाहिनी मिळालेले चौघेही रेबीजने दगावले. दात्याला वटवाघूळ चावलं होतं, हे नंतर समजलं.

पुढच्या भेटीला आईंनाही न्या. भावाला किती महिने गोळी लागेल आणि पीसीआर कधी करायची, हे त्यांच्यासमोरच विचारा.