सकाळी थंड असताना जुनं आउटबोर्ड चालू होत नाही, कार्बोरेटर बदलायचा का?

नका बदलू भाऊ. निदान खालचं सगळं तपासल्याशिवाय तरी नकाच.

तुम्ही लिहिलंय की नाथसागरात मासेमारीची होडी आहे, होडीच्या मागं बाहेरून लावायचं (आउटबोर्ड) १५ हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. सकाळी २५-३० वेळा दोर ओढावा लागतो, पण एकदा धरलं की दिवसभर पहिल्या-दुसऱ्या ओढीत उठतं. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर गेला. आणि शेवटी विचारलंय, त्यापेक्षा फोर-स्ट्रोकच घ्यावं का?

‘कार्बोरेटर गेला’ हे ऐकलं की माझं डोकं तापतं. कार्बोरेटर म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं. आतली सुई झिजते, गॅस्केट सुकतं, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं तुंबतात. भांडं सहसा जात नाही, घाण होतं. आणि खरंच गेलं असतं तर दुपारी चांगलं कसं झालं? थंडपणी त्रास आणि गरम झाल्यावर ठीक, याचा अर्थ बहुधा सकाळी पेट्रोल कमी पोचतंय. उलटं असतं, म्हणजे गरम झाल्यावर बंद पडून पुन्हा उठत नसतं, तर मी कॉइल आणि सीडीआयकडं, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागांकडं, बोट दाखवलं असतं.

येलदरी धरणाच्या पाण्यावर अगदी तुमच्यासारखंच एक इंजिन होतं. त्याला एकाच वर्षात दोन कार्बोरेटर बसवले गेले. दोन्ही वेळा आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. दोष निघाला टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या नळीच्या टोकाला, इंजिनात खटकन बसणाऱ्या कनेक्टरच्या आतल्या ओ-रिंगमध्ये, म्हणजे गोल रबरी रिंगेत. नखाएवढी रिंग, पण वाळून चपटी झालेली आणि एका जागी चीर. बाहेर पेट्रोलचा थेंब नाही, म्हणून कुणी तिकडं बघितलंच नाही. थेंब येणार कसा? इंजिन चालू असताना त्या नळीत पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळं तिथून गळत नाही, हवा आत शिरते. रात्री त्याच फटीतून हवा घुसते आणि टाकी खाली असल्यामुळं नळीतलं पेट्रोल परत टाकीत उतरतं. सकाळी माणूस नळीतला, पेट्रोल इंजिनाकडं ढकलायचा रबरी फुगा चार वेळा दाबतो आणि दोर ओढायला लागतो. नळीत अर्धी हवा असते. नवा कार्बोरेटर बसवताना कनेक्टर काढून नीट दाबून बसवला गेला, म्हणून आठवडाभर बरं चाललं, एवढंच. रिंग बदलली आणि तिसऱ्या ओढीत उठलं.

म्हणून उद्या सकाळी पहिली तपासणी फुग्याची करा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. फुगा उभा धरा, बाण वर आणि इंजिनाच्या दिशेनं. दगडासारखा घट्ट होईपर्यंत दाबा, १५-२० दाब लागले तरी चालतील. मग दहा मिनिटं थांबा. घट्टच राहिला तर फुग्यापासून इंजिनापर्यंतची नळी निर्दोष. मऊ पडला तर तीन जागा बघा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल झिरपत असेल तर आतली सुई, जी तरंगत्या फ्लोटवर पेट्रोल अडवते, ती धरत नाही. कनेक्टरपाशी ओल असेल तर ओ-रिंग. दोन्ही कोरडे असतील तर फुग्यातला व्हॉल्व्ह मागं सोडतोय, अख्खा फुगा बदला. इंजिन चालू असताना फुगा आत चेपून बसत असेल तर अडथळा टाकीकडं आहे: झाकणाचा स्क्रू बंद, नाहीतर टाकीतली जाळी भरलेली.

फुगा पास झाला तर दोन्ही प्लग काढून बघा. दहा वेळा ओढूनही कोरडे असतील तर पेट्रोल येत नाही. चोक ओढल्यावर आतली चकती पूर्ण बंद होते का ते डोळ्यानं बघा, गुंडी ओढली म्हणजे चकती बंद झाली असं नाही. दांडी वाकलेली असते. एकच प्लग ओला आणि काळा असेल तर फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, उजेडात धरून बघा. हा पंप क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनमागच्या खोलीच्या, दाबावर चालतो, डायफ्रॅमला सुईएवढं भोक पडलं की पेट्रोल थेट त्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये ओढलं जातं. दोन्ही ओले असतील तर मशीन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय: नळी काढा, चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा, ८-१० वेळा ओढा, प्लग पुसून लावा.

ठिणगी बघताना प्लगचा धातू इंजिनाला टेकवा, पण सिलिंडरच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, चटका मारणारी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर आधी नवे प्लग लावा. प्लगच्या नंबरामागं -१० असेल तर गॅप १ मिलिमीटर. ठिणगी अजिबात नसेल तर किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर सोडवून पुन्हा बघा. किल स्विच खराब असताना सीडीआय बदलणारे खूप आहेत.

आता कार्बोरेटर. उघडायचाच असेल तर आयडलचा जेट बघा, सगळ्यात बारीक भोक त्याचं, आणि थंड इंजिन त्याच्यावरच उठतं. होडी आठ-दहा दिवस उभी राहिली की भांड्यातलं पेट्रोल उडून जातं आणि तेलाचा चिकट थर मागं उरतो, तो तिथं बसतो. क्लीनर आणि हवेनं साफ करा, तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं आत टेकवा आणि दीड वळण बाहेर. काही दिवस होडी उभी राहणार असेल तर नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इंजिन पाण्यातच असू द्या, कोरडं चालवलं की थंड करायचं पाणी ओढणारं रबरी चाक, इंपेलर, जळतो.

तेलाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ‘थोडं जास्तच टाकलेलं बरं’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिलि, आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ तेल, मोजून. अंदाजानं ओतलं की प्लग काळे पडतात आणि सकाळचा त्रास वाढतो. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ओल ओढायची सवय असते, त्यामुळं महिनाभर पडलेलं मिश्रण वापरू नका. जुन्या नळ्याही त्यानं आतून फुगतात आणि सुटतात.

एवढं करूनही नाही उठलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्लगच्या वायरी इंजिनाला टेकवून पाच वेळा ओढा. १०० पीएसआयच्या आसपास आणि दोन्ही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नसेल तर बरं. एक बाजू खूप कमी असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मग कार्बोरेटर कितीही साफ करा. कार्बोरेटरमधली थ्रॉटलची दांडी भोकात डगमगत असेल तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर, ते भांडं बदलावंच लागेल.

फोर-स्ट्रोक पेट्रोल वाचवतं, पण वजन दहा-पंधरा किलो जास्त. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की गाळातून ते खांद्यावर कोण आणणार, हे आधी ठरवा. आणि हे सगळं तपासताना वल्हं होडीत असू द्या, किनाऱ्यापासून लांब जाऊ नका, नाथसागरात दुपारी वारा सुटला की लाट मोठी उठते.