गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी केरळसारखा शेजारगट कसा सुरू करायचा?

तुमच्या चार हजार वस्तीच्या गावात पॅरालिसिस, मणक्याची इजा किंवा म्हातारपण यामुळे घरातच अडकलेली बरीच माणसं आहेत. केरळात गावकरीच अशांची काळजी घेतात, ते आपल्याकडे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल. फक्त सुरुवात व्हीलचेअर वाटपाने करू नका. वाटप झालं की फोटो निघतात आणि महिन्याभरात ती खुर्ची पडवीत कपडे वाळत घालायला लागते. खुर्ची ढकलणारं कोणी नसतं आणि बाहेर जायला निमित्तही नसतं. या दोन गोष्टी आधी उभ्या करायच्या आहेत.

केरळात काय झालं ते थोडक्यात. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याचं काम सुरू केलं. दवाखान्यापर्यंत येऊच न शकणारे रुग्ण फार, हे लवकरच लक्षात आलं. मग १९९९-२०००च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात शेजारगटांचं जाळं उभं राहिलं. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकणारा कोणीही स्वयंसेवक होऊ शकत होता. त्याला १६ तासांचं शिक्षण आणि नर्सबरोबर घरभेटींचा अनुभव दिला जाई. पैसा मुख्यतः गावातूनच, छोट्या छोट्या देणग्यांतून आला. २००८ मध्ये राज्य सरकारने याचं धोरण केलं आणि पंचायतींमार्फत नर्सच्या घरभेटी सुरू झाल्या. हा क्रम लक्षात ठेवा: आधी लोक आले, सरकार मागून आलं.

तुमच्याकडे पहिलं काम यादीचं. घरोघर जाऊन ‘कोणी आजारी आहे का’ विचारलंत तर अर्धी माणसं सुटतील. मतिमंद मूल, मनोरुग्ण बहीण, विसरभोळे झालेले आजोबा यांना घरचे ‘आजारी’ म्हणत नाहीत. ‘गेल्या महिन्याभरात उंबऱ्याबाहेर न पडलेलं घरात कोणी आहे का?’ असं विचारा. आशाताई, मेडिकलवाला, न्हावी आणि किराणा दुकानदार यांना सोबत घ्या. प्रत्येक आळीची खबर त्यांच्याकडे असते. वहीत आजाराचं नाव एका ओळीत पुरे. त्यापुढे लिहा: पूर्वी काय काम करायचे, शेवटचं बाहेर कधी आणि कुठे गेले, कोणाला भेटावंसं वाटतं, आणि सांभाळणारं कोण. शेवटच्या रकान्यात बहुतेक एकाच बाईचं नाव येईल: सून, बायको किंवा आई. तिचीही वेगळी नोंद ठेवा. आठवड्यातून दोन तास कोणी घरी बसलं तर तिला बाजारहाट, माहेर, स्वतःचा दवाखाना जमतो. तिचा जीव टिकला तरच बाकीचं काम टिकतं.

स्वयंसेवक दहा-बारा पुरेत. सभा घेतली तर चाळीस हात वर होतील, तिसऱ्या महिन्यात पाच उरतील. प्रत्येक घराला दोघे नेमा, म्हणजे एक परगावी गेला तरी भेट चुकत नाही. बाईमाणसाकडे जाणाऱ्यांत एक बाई हवीच. एका आळीच्या किंवा एका जातीच्या लोकांनीच गट भरला, तर काही दारं तुम्हाला कायमची बंद राहतील. निवडतानाच हे बघा. आणि नियम ठाम ठेवा: गोळ्यांत बदल सुचवायचा नाही, बाबा-बुवांचे पत्ते द्यायचे नाहीत, घरातलं ऐकलेलं पारावर बोलायचं नाही, रुग्णाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही.

आता बाहेर काढण्याचं. वेगळा ‘दिव्यांग मेळावा’ भरवू नका, गावात जे चालू आहे त्यातच माणूस परत न्या. पहिल्यांदा बाहेर पडायला हरिपाठ हे माझ्या मते उत्तम निमित्त. वेळ ठरलेली, अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो, बसूनच असतो आणि पाठ असलेले अभंग जीभ अडखळणाऱ्यालाही पुष्कळदा म्हणता येतात. बचत गटात असलेल्या बाईसाठी गटाची बैठकच तिच्या ओट्यावर घ्या. पाच महिने ती येऊ शकली नाही म्हणून तिचं नाव कमी करणं, इथूनच तुटायला सुरुवात होते. ग्रामसभा वरच्या मजल्यावर होत असेल तर ती खाली घ्यायला लावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे ही मागणी हक्काची आहे.

पण महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाला उचलून थेट देवळात नेऊ नका. एकदम उठवलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी काही दिवस उशांना टेकवून बसवा, मग खुर्चीत अर्धा तास, मग ओट्यावर, मग आळीच्या टोकापर्यंत. खुर्चीत गादी हवी. मधे भोक असलेली रबरी रिंग नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे-बाजूला झुकवून, एक-दोन मिनिटं बुडावरचा भार काढा. घरी आल्यावर माकडहाड, बूड आणि टाचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जाईपर्यंत बसवणं बंद. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने ऊब आणि कडकपणा तपासा.

लघवीची नळी असेल तर निघण्याआधी पिशवी रिकामी करा आणि ती कायम कमरेखाली ठेवा. नळीला पीळ पडता कामा नये. मान किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहऱ्यावर घाम आला, तर त्याला ताठ बसवा, नळी दबली आहे का बघा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही: वास. जखमेला वास येतो म्हणून पाहुणे थांबतात, मग तो माणूसच ‘कोणाला आणू नका’ म्हणतो. यावर उपाय आहे. वास मारणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोल हे जंतू मारणारं औषध वापरतात. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा नर्सला विचारून ड्रेसिंग सुरू करा. बाहेर नेण्याच्या आदल्या दिवशी न्हाव्याला घरी बोलवा. दाढी-कटिंग झालेला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

वाट मोजून घ्या. साध्या व्हीलचेअरची बाहेरची रुंदी २४ ते २६ इंच असते, जुन्या घरांची दारं अनेकदा तेवढीच. नियमाप्रमाणे रॅम्प १ इंच उंचीला १२ इंच लांब, म्हणजे सहा इंचाच्या दोन पायऱ्यांना १२ फूट. एवढी जागा आळीत क्वचितच मिळते. त्याहून उभ्या फळीवर एकट्याने जायचं नाही, ढकलायला दोघे हवेत. उतरताना खुर्ची उलटी फिरवा, माणसाची पाठ उताराकडे, म्हणजे तो पुढे घसरून पडत नाही.

पैशांचं सोपं आहे, उशीर कागदांना लागतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो मार्चमध्ये घाईघाईने वाटून संपवतात, म्हणून दिवाळीच्या आधीच लेखी मागणी द्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरायला गटातला एकच चिकाटीचा माणूस नेमा. बाकी ग्लोव्ह्ज, गॉज, युरिन बॅग यांचा खर्च दुकानांत ठेवलेल्या डब्यांतून निघायला हवा. एकाच बड्या देणगीदारावर गट उभा राहिला की घरांची यादीही तोच ठरवू लागतो.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसा आणि भेटी किती झाल्या यापेक्षा कोण किती वेळा घराबाहेर पडलं ते मोजा. यादीतलं कोणी गेलं तर त्या घरी जाणं लगेच थांबवू नका. तेराव्यानंतर लोकांची ये-जा संपते आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यासाठी जागलेली ती बाई एकदम रिकामी होते. निदान तीन महिने तिच्याकडे जात राहा. पुढे ती स्वतःहून गटात आली तर तुम्हाला तिच्याइतकी जाणती स्वयंसेविका मिळणार नाही, पण ते तिच्या मनाने होऊ द्या.