फुगा रात्रीतून का बसला?

प्रश्न : ताई, मी नागपूरला एमएस्सी करतोय. तलावाच्या गाळातून जे बुडबुडे वर येतात त्यातला गॅस प्रोजेक्टसाठी गोळा करायचाय. सॅम्पलिंगच्या रेडिमेड बॅगा बजेटच्या पार बाहेर, म्हणून फुटाळा तलावावरून साधा फुगा भरून आणला तर सकाळी अर्धा बसलेला. गाठ तर पक्की मारली होती. स्वस्तात काय करता येईल? – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : गाठीचा दोष नाही रे, रबराचाच आहे. रबरातून गॅस आरपार जातो, त्यातही कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा कितीतरी पट जोरात, आणि बाहेरची हवा आत येते ती वेगळीच. म्हणजे सकाळी उरलेला अर्धा फुगा तलावाचा गॅस म्हणून मोजलास तर प्रमाण सगळं चुकणार. तो सोडून दे.

वीस लिटरचा पाण्याचा जुना कॅन घे, बूड काप, तोंडाला रबरी बूच, त्यातून सलाइनची नळी आणि टोकाला थ्री-वे (नळी उघडबंद करायची तीन तोंडांची चावी), मेडिकलमध्ये मिळतो. थ्री-वे उघडा ठेवून कॅन पूर्ण बुडव म्हणजे आतली हवा निघून जाईल, मग बंद कर आणि वजन बांधून ठेव, बुडबुडे आपोआप मानेत जमतात. व्होल्टा या शास्त्रज्ञानं १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे तलावात गाळ ढवळून असाच गॅस धरला होता, त्याच्याकडे थ्री-वे कुठला!

आता खरी मेहनत पुढं. सिरिंजमध्ये गॅस ओढलास तरी तो तिथं काही तासच ठेवायचा, रात्रभर नाही. रबरी बुचाच्या काचेच्या नव्या व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या असतात तशा छोट्या बाटल्या) आण, (दवाखान्याच्या कचऱ्यातल्या उचलू नको, सुया तर अजिबात नाही) पाण्यानं काठोकाठ भर, उलट्या धर आणि दोन सुया टोच, एकीतून गॅस आत, दुसरीतून पाणी बाहेर. थोडं पाणी आत राहू दे, व्हायल उलटीच ठेव, म्हणजे बुचावर पाण्याचं झाकण राहतं. पण नळाचं पाणी नको बरं, २५ अंशाला लिटरभर पाण्यात कार्बन डायऑक्साइड ८०० मिलीच्या आसपास विरघळतो, मिथेन, म्हणजे या बुडबुड्यांतला मुख्य गॅस, मात्र जेमतेम ३०. खारट-आंबट पाण्यात गॅस कमी विरघळतो, म्हणून मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाक आणि वरून थोडं निंबूसत.

जास्त गॅस लागत असेल तर वाढदिवसाचा चंदेरी फॉइलचा फुगा चालतो, तो साध्या फुग्यापेक्षा खूप बरा, बादलीत दाबून बुडबुडे येतात का ते आधी पाहून घे. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत नको ठेवू.

हो, आणि एका व्हायलमध्ये तिथलीच साधी हवा भरून सोबत ने. हवेत मिथेन साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) असतो, त्या व्हायलचा आकडा भलताच आला तर समज भरताना किंवा मोजताना कुठंतरी गडबड झाली. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीनं पेटतो, तेव्हा कॅनजवळ बिडी-माचीसवाल्या मित्राला उभं करू नको.