गिनी पिग, बजी आणि घरभर चिलटे

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. घरात गिनी पिगची जोडी आणि दोन बजी पक्षी आहेत. पावसाळा सुरू झाल्यापासून बारीक काळी चिलटे ताटावर, दिव्याभोवती आणि पिंजऱ्यांपाशीही उडतात. पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात, पिंजरे दोन तास बाल्कनीत ठेवा, फवारणी करून देतो. तसे करावे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : कृपया ही फवारणी करून घेऊ नका. पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतील द्रव्ये फार झपाट्याने शोषून घेते, त्यामुळे आपल्याला नुसता वास वाटतो ते बजीच्या जिवावर बेतू शकते. गिनी पिग तर लादीलगतच वावरतात, अंग चाटून साफ करतात, दिसेल ते कुरतडतात. म्हणजे वास गेल्यानंतरही जमिनीवर उरलेला औषधाचा थर त्यांच्या पोटात जाणारच. कापूर, डांबराच्या गोळ्या, मच्छर कॉइल आणि सुगंधी तेलेही त्यांच्या खोलीत नकोत. शिवाय फवारणीने मरतात ती उडणारी चिलटे. अळ्या ओलाव्यात सुरक्षित राहतात आणि थोड्याच दिवसांत घर पुन्हा भरते.

म्हणून आधी ती कुठे वाढत आहेत, हे शोधावे. कुंडीच्या मातीवर तुरुतुरु धावणारी, लांब पायांची काळी चिलटे मातीतली असतात. केळ्या-आंब्यांवर घिरट्या घालणारी, तांबूस डोळ्यांची चिलटे ही फळमाशी होय. न्हाणीघराच्या भिंतीवर पंख पसरून बसणारी, केसाळ, इवल्या पतंगासारखी दिसणारी माशी मोरीच्या पाइपातून येते. खात्री करण्यासाठी रात्री मोरीच्या जाळीवर पारदर्शक चिकटपट्टी, चिकट बाजू खाली करून, हवा जायला थोडी फट ठेवून लावा आणि कुंडीतल्या मातीवर सोललेल्या बटाट्याची चकती ठेवा. पट्टीला माश्या चिकटल्या, तर मोरी दोषी. एक-दोन दिवसांनी उचललेल्या चकतीखाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक अळ्या दिसल्या, तर कुंडी.

घरात कुंड्या असतील, तर आपल्या वर्णनावरून मला त्यांचाच संशय अधिक येतो, कारण पावसाळी हवेत कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) माती आठवडाभरही सुकत नाही आणि या अळ्या वरच्या दोन इंचांतच बुरशीवर जगतात. तेवढा थर सुकू द्यावा आणि मगच पाणी घालावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. अळ्यांसाठी बीटीआय हे जिवाणूजन्य औषध पाण्यात मिसळून, वेष्टनावरील प्रमाणानुसार, आठवड्यातून एकदा मातीत द्यावे. ते डास आणि चिलटे यांच्या अळ्यांच्या आतड्यातच काम करते, पक्ष्यांना वा सस्तन प्राण्यांना बाधत नाही. अंड्यापासून चिलट होण्यास तीन-चार आठवडे लागत असल्याने हे महिनाभर चालू ठेवावे लागेल. पिवळे चिकट सापळे जरूर लावा, मात्र बजी मोकळे उडत असतील त्या वेळी ते झाकून ठेवा, कारण पंख चिकटल्यास पक्षी जखमी होतो.

पिंजऱ्याकडेही नीट पाहा. पाण्याच्या बाटलीची नळी ठिबकत असेल, तर तिच्याखालचे गवत कायम ओले राहते, आणि कोथिंबिरीच्या काड्या, काकडीच्या साली कोपऱ्यात कुजत असतात. ओला कोपरा रोज काढावा आणि उरलेला पाला तासा-दोन तासांत उचलावा. फळमाश्यांसाठी वाटीत व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे. वाटी प्राण्यांच्या आवाक्याबाहेर असावी. मोरीतला बुळबुळीत थर लांब ब्रशने खरवडून काढावा, फिनेल ओतल्याने तो निघत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. गिनी पिगच्या मागच्या भागाशी केस ओले, चिकट दिसले किंवा अळ्या आढळल्या, तर ते या चिलटांचे काम नव्हे. मोठ्या माशीने तिथे अंडी घातली आहेत, असे समजून घरगुती उपायात वेळ न घालवता तासाभरात पशुवैद्य गाठावा.