किल्ली खिशात ठेव

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. सेसना वन सेव्हंटी-टूवर ५८ तास, सोलो म्हणजे एकटीने उड्डाण झालेलं, आणि आता पायपर वॉरियरवर सहा तास होऊनही एक लँडिंग धड नाही. 'मला उडवता येत होतं की नाही याचीच शंका येते,' असं लिहिलंयस. येत होतं, आणि तेच तर दुखणं आहे. तुझे हात अजून सेसना उडवतायत आणि खाली पायपर आहे.

सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याच्या, २०० तासांतले हे सहा तास वाया गेले असं तू मोजतेस. लॉगबुकात ते आहेतच, वाया कसले? पण किल्ली खिशात ठेवून, बंद विमानात बसून फुकट शिकता आल्या असत्या त्या गोष्टी तू तासाचे पैसे भरून हवेत शिकतेयस, याचा मला राग येतो. तुझा नाही. हातात चेकलिस्ट देऊन 'चल, सारखंच असतं' म्हणणाऱ्यांचा. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो.

सारखं नसतं. फ्युएल सिलेक्टरच घे, कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा. सेसनात तो 'बोथ'वर ठेवायचा आणि विसरून जायचं. वॉरियरमध्ये 'बोथ' नाहीच. टाक्या पंखांत, पंख खाली, इंजिन वर, त्यामुळे इंधन पंपाने ओढावं लागतं. दोन्ही टाक्या एकदम उघड्या ठेवल्या तर जी आधी रिकामी होईल तिच्यातून पंप हवा ओढेल. म्हणून डावी किंवा उजवी. वापरता येण्याजोगं इंधन ४८ गॅलन, प्रत्येकी २४. तासाला आठ-नऊ गॅलन धर. टाकी बदलायची विसरलीस तर अडीच-तीन तासांत इंजिन गप्प होईल आणि दुसरी टाकी काठोकाठ भरलेली असेल. दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून बदल: आधी इलेक्ट्रिक पंप ऑन, मग सिलेक्टर, मग फ्युएल प्रेशरवर नजर, प्रेशर स्थिर असेल तर पंप ऑफ. टेकऑफच्या तोंडावर टाकी बदलायची नाही. रनअप, म्हणजे टेकऑफआधीची इंजिनाची तपासणी, ज्या टाकीवर केलास तिच्यावरच उड.

सिलेक्टर तुझ्या डाव्या गुडघ्याजवळ, बाजूच्या भिंतीत आहे. सेसनात तो खाली, मधोमध होता. इंजिन गेल्यावर हात मधोमध गेला तर तिथे काहीही सापडणार नाही. हे कुठे शिकणार, पाचशे फुटांवर? किल्ली खिशात ठेवून शिक.

तसंच कार्ब हीटचं, कार्बुरेटरला गरम हवा देणाऱ्या नॉबचं. तुझी सेसना इंजेक्शनवाली, तिला कार्बुरेटरच नव्हता. याला आहे. दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश असतानाही, त्यात बर्फ धरू शकतो. आधी आरपीएम हळूच उतरतो, मग इंजिन खरखरतं. हीट ओढलीस की बर्फ वितळताना ते आणखी खरखरेल. घाबरून नॉब परत ढकलू नकोस. इंजिन गेलं तर क्रम असा: ७३ नॉट, दुसरी टाकी, पंप, कार्ब हीट. सेसनाचा ६८ विसर.

आता लँडिंग. तू लिहितेस, विमान तरंगतच राहतं. किती वेगाने येतेस ते मात्र लिहिलं नाहीस, म्हणजे तुलाही ठाऊक नसावं. चाळीस अंश फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, खाली असताना वॉरियरचा शेवटच्या टप्प्यातला वेग ६३ नॉट. भीतीपोटी ७३ ठेवलास तर ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे साधारण एक तृतीयांश जास्त. शिवाय पंख खाली, जमिनीच्या जवळ, त्यामुळे जमिनीचा आधार जास्त जाणवतो. मग तरंगणार नाही तर काय करणार? कंटाळून नाक खाली ढकलू नकोस, नाकाच्या चाकावर आपटशील. थांब, आणि नाही जमलं तर वर जा. वर जाताना फ्लॅप एकदम सोडू नकोस. इथे मोटर नाही, सीटांच्या मधला हातलिव्हर आहे: ०, १०, २५, ४०. बटण दाबून लिव्हर सोडलास की फ्लॅप क्षणात मिटतात आणि विमान खाली बसतं. एकेक खाच, वेग बघत.

क्रॉसविंडमध्ये, आडव्या वाऱ्यात, आणखी एक. पायपरचं नाकाचं चाक पेडलना थेट जोडलेलं असतं, सेसनासारखी मध्ये स्प्रिंग नाही. पेडल दाबलेलं असताना चाक टेकलं तर विमान हिसका देऊन वळतं. चाक टेकण्याआधी पाय सरळ कर.

डाउनविंडवर, धावपट्टीला समांतर उलट जाताना, तिच्यापासून किती दूर राहायचं ते तू पंखाच्या स्ट्रटवरून, टेकू देणाऱ्या दांड्यावरून ठरवायचीस. इथे स्ट्रट नाही, म्हणून तुझा सर्किट, धावपट्टीभोवतीची फेरी, रोज वेगळा होतोय. हा दोष हाताचा नाही, खुणेचा. जमिनीवर सीटची उंची एकदा पक्की कर आणि पंखावर नवी खूण शोध. तीही किल्ली खिशात ठेवून.

तुझ्या बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. चाळीस अंशांच्या दुपारी विमानाला ती साडेपाच हजारांवर असल्यासारखी वाटते. सेसनाचे १८० अश्वशक्ती होते, याचे १६०. चढाई मंद वाटली तर नाक उचलू नकोस, ७९ नॉट धर. वजनाचं गणित या विमानाच्या कागदावरून कर, जुन्या वहीतून नाही.

विद्यार्थ्यांना बंद विमानात तासभर बसवतो म्हणून लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. तो तास कुणाच्या लॉगबुकात चढत नाही, त्याचं बिल निघत नाही, म्हणून कुणाला तो नको असतो. मला त्याहून उपयोगी तास अजून सापडलेला नाही.

तेव्हा उद्या सर्किट मागू नकोस. विमान उभं असताना पाऊण तास माग. शेजारी कुणालाही बसव, वर्गमैत्रीणही चालेल. डोळे मीट, तिला उलटसुलट वीस वेळा नावं घ्यायला सांग: पंप, सिलेक्टर, कार्ब हीट, ट्रिम, फ्लॅप, दाराची वरची कडी. दोन सेकंदांत हात पडला पाहिजे. ट्रिमला हात डॅशबोर्डकडे गेला तर पुन्हा पहिल्यापासून, चाक दोन सीटांच्या मध्ये आहे. वीसच्या वीस बरोबर आले की हवेत जा, पण पहिला तास उंचीवर, स्लो फ्लाइट आणि स्टॉलसाठी, म्हणजे वेग इतका कमी की पंख उचलणं सोडतो, त्यासाठी. सर्किट त्यानंतर.

आणि हो, दार एकच, उजवीकडे. उतरताना फ्लॅप पूर्ण वर करून कुलूपबंद असल्याशिवाय त्यावर पाय देऊ नकोस, तो पायाखालून खाली जातो.