मुलगी शाळेत लीडर झाली, आता दहावीचं काय?

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगते. मुलगी नववीत, सीबीएसई. शाळा राउंड स्क्वेअर या आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनेची मेंबर आहे आणि तिथे मुलांचे चार ग्रुप आहेत, ग्लोबल अवेअरनेस, स्टुडंट व्हॉइस, सस्टेनेबिलिटी आणि अ‍ॅडव्हेंचर. मुलीला चारही ग्रुपच्या कोअर टीममध्ये घेतलंय, ती हवेत आहे. वडील म्हणतात नेतागिरीने पोट भरत नाही, पुढच्या वर्षी दहावी आहे. त्यात शाळेकडून परदेशातल्या कॉन्फरन्सचं पत्रक आलं, खर्च काही लाखांत, आणि खाली लिहिलंय की करियरला फायदा होतो. आई विचारते की राहू द्यायचं का, पैसे भरायचे का, आणि यातून नेमकं करियर कुठलं निघतं, मुलीला पर्यावरणात काहीतरी करायचंय. शिवाय रात्रीच्या ट्रेकला पाठवायची भीती वाटते ते वेगळंच.

नमस्कार ताई,

राहू द्या, पण चारपैकी एकाच ग्रुपमध्ये. आणि कॉन्फरन्सचे पैसे करियरसाठी म्हणून भरू नका. घरात पैसा मोकळा असेल, पोरीला जग बघायचं असेल तर सहल समजून पाठवा, त्यात वाईट काही नाही, पण कर्ज काढून किंवा एफडी मोडून अजिबात नको.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं आधी घेते कारण ते अर्धं बरोबर आहे. एमएचटी-सीईटी, जेईई, नीट, क्लॅट, यातल्या कुठल्याही परीक्षेत शाळेतल्या बॅजला एक मार्कसुद्धा नाही. रँक लागते, काउन्सिलिंग होतं, सीट मिळते, विषय संपला. तिथे कोणी विचारत नाही की बाई तू शाळेत सस्टेनेबिलिटी हेड होतीस का. सर्टिफिकेटचा कागदोपत्री फायदाच हवा असेल तर मी एनसीसी सांगते, 'सी' सर्टिफिकेट निदान 'बी' ग्रेडचं असलं आणि ग्रॅज्युएशनला 50 टक्के असले की आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं, मुलींनाही. तसं लिहून दिलेलं काही या ग्रुपांच्या मागे नाहीये.

पण काही दारं अशी आहेत जिथे नुसते मार्क चालत नाहीत. पुण्याजवळ मुळशीला यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, 1997 पासून, अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा आयबी हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, आणि तिथल्या निवडीत पोरगी काय करते, कशी विचार करते हे खोदून खोदून बघतात. फी ऐकून दचकू नका, घरची परिस्थिती बघून स्कॉलरशिप देतात. दहावी-अकरावीच्या सुमारास अर्ज करायचा असतो त्यामुळे तुमच्यासाठी हा विषय लांबचा नाही. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटीत प्रवेशपरीक्षेनंतर इंटरव्ह्यू असतो. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी जो अर्ज भरतात त्या कॉमन अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्टिव्हिटीसाठी 10 रकाने असतात आणि प्रत्येक कामाचं वर्णन फक्त 150 अक्षरांत, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आपण आत्याला लिहितो त्याहून कमी! ब्रिटनला 2026 च्या प्रवेशापासून यूकासने, म्हणजे तिकडे कॉलेजचे अर्ज घेणाऱ्या संस्थेने, मोठा निबंध काढून तीन प्रश्न ठेवलेत, तिसरा प्रश्न हाच की अभ्यासाबाहेर काय केलंस आणि त्याचा या कोर्सला काय उपयोग. 150 अक्षरांत 'चार ग्रुपची लीडर' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, 'मेसमधलं रोजचं वाया जाणारं अन्न मोजलं, निम्म्यावर आणलं' असं लिहिलं तर कळतं. म्हणून म्हणते एकच ग्रुप.

हे चार ग्रुप आले कुठून ते सांगते, कारण शाळा फक्त फोटो दाखवतात आणि मागची गोष्ट सांगत नाहीत. कुर्ट हान नावाचे एक जर्मन शिक्षक होते, ज्यू होते, जर्मनीतल्याच सालेमला शाळा चालवायचे, हिटलरविरुद्ध उघड बोलले म्हणून 1933 ला अटक झाली, मग सुटल्यावर ब्रिटनला गेले आणि 1934 मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. तिथल्या एका गोलाकार जुन्या इमारतीचं नाव राउंड स्क्वेअर, तेच पुढे 1966 च्या सुमारास सुरू झालेल्या संघटनेला मिळालं. आपल्याकडे सनावरचं लॉरेन्स स्कूल, इंदूरचं डेली कॉलेज वगैरे त्यात आहेत. त्यांची सहा तत्त्वं आहेत, आंतरराष्ट्रीयता, लोकशाही, पर्यावरण, साहस, नेतृत्व आणि सेवा. तुमच्या शाळेने त्यातल्या चारांचे ग्रुप केलेत आणि सेवा कुठे गेली हे मात्र शाळेला नक्की विचारा, मला ते खटकलं.

हानचं साहसाबद्दलचं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या महायुद्धात जहाज बुडालं की लाइफबोटीत तरुण खलाशी आधी हार मानायचे आणि वयस्कर टिकायचे, असं लॉरेन्स होल्ट नावाच्या जहाजकंपनीच्या मालकाच्या लक्षात आलं. पोरं तब्येतीने दणकट, पण आपण निभावू हा भरवसाच नाही. म्हणून 1941 मध्ये हान आणि होल्टने वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्हीला महिनाभराचे कोर्स सुरू केले, तीच आउटवर्ड बाउंड ही साहसी शिक्षणाची संस्था. म्हणजे साहस हे हौस म्हणून नव्हतंच, पोर बुडू नये म्हणून होतं. ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड हे तरुण मुलांसाठीचं अवॉर्डही 1956 मध्ये हानच्याच कल्पनेतून आलं, भारतात ते इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल या नावाने चालतं, ब्राँझ 14 व्या वर्षापासून करता येतं, कमीत कमी सहा महिने लागतात आणि त्यात सेवा, कौशल्य, खेळ, साहसी प्रवास सगळं आहे. शाळेत ते असेल तर परदेशातल्या कॉन्फरन्सच्या आधी ते करायला सांगा, खर्चही खूप कमी आणि नियमितपणा लागतो तो वेगळाच.

ग्लोबल अवेअरनेसवर फार लिहीत नाही. बहुतेक शाळांत ते झेंडे, पोशाख आणि पदार्थ इथेच अडकतं. खरंच आवड असेल तर एक परदेशी भाषा नीट शिकणं हे दहा आंतरराष्ट्रीय दिवस साजरे करण्यापेक्षा कामाचं.

स्टुडंट व्हॉइसबद्दल मात्र बोलायचंय. मुलांना आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडायचा आणि ते गांभीर्याने घेतलं जाण्याचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या 12 व्या कलमात आहे आणि भारताने तो 1992 मध्ये स्वीकारलाय. त्याच वर्षी रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, आणि हार्ट म्हणतात हा सहभागच नाही. आता तुमच्या मुलीला तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी या ग्रुपने काय मागितलं, त्यातलं शाळेने काय मान्य केलं, आणि जे नाही केलं त्याचं कारण मुलांना सांगितलं का? तिला एकही उदाहरण देता आलं नाही तर समजायचं की पाहुणे आले की गुलाबाचं फूल द्यायला हा ग्रुप आहे, त्यात वेळ घालवू नका. उलट मुलांनी मुलींच्या टॉयलेटचा किंवा बसच्या वेळेचा प्रश्न लावून धरला, मिटिंगा केल्या, प्रिन्सिपलशी भांडून-बोलून सोडवला असं असेल तर हा चारही ग्रुपांतला सगळ्यात भारी ग्रुप आहे, कायदा, पब्लिक पॉलिसी, पत्रकारिता, एचआर इकडे जाणाऱ्यासाठी तर सोनं.

पण तुमच्या मुलीचं मन पर्यावरणात आहे म्हणता, तर सस्टेनेबिलिटी घ्या. आणि पोस्टर, रॅली, पर्यावरणदिनाला एक रोप आणि दहा फोटो, हे सगळं सोडून एक मोजायचं काम करायला सांगा. शाळेच्या मेसमध्ये किंवा डब्यांत रोज किती अन्न वाया जातं ते सहा आठवडे काट्यावर तोलायचं, वहीत लिहायचं, वारानुसार बघायचं, मग एकच बदल करायचा, समजा वाढप कमी आणि हवं तर परत घ्या, आणि पुन्हा सहा आठवडे तोलायचं. किंवा वीजबिलं घ्यायची, कुठल्या महिन्यात किती युनिट, कुठल्या मजल्यावर दिवे चालू राहतात, बस्स. बदल फसला तरी वहीत आकडे राहतात, आणि इंटरव्ह्यूत 'का फसलं' हे सांगणारी मुलगी जास्त लक्षात राहते.

यातून करियर आहे का, तर आहे आणि ते झाडं लावण्याचं नाहीये. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने वरच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बीआरएसआर म्हणतात त्याला, सक्तीचा केलाय, त्यासाठी कंपनीत पाणी, वीज, कचरा, उत्सर्जन सगळं मोजणारी आणि लिहिणारी माणसं लागतात. इंजिनिअरिंगनंतर ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीची एनर्जी ऑडिटरची, म्हणजे वीज-इंधनाचा वापर तपासणाऱ्याची, परीक्षा आहे. एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग आहे, बीएससी एन्व्हायर्न्मेंटल सायन्स आहे, नंतर शहर नियोजन, कायदा असे फाटेही फुटतात. या सगळ्यात एक गोष्ट कॉमन आहे ती म्हणजे गणित, म्हणून अकरावीला 'मला पर्यावरण करायचंय ना, मग मॅथ्स कशाला' असं ती म्हणाली तर ऐकू नका, निदान ग्रॅज्युएशनचा कोर्स ठरेपर्यंत तरी.

आता दहावीच्या वर्षात वेळ अशी बसवा. ग्रुपचं काम आठवड्यात दोन-तीन तास, नववी संपेपर्यंत मोजणी पूर्ण, दहावीच्या दिवाळीपर्यंत रिपोर्ट लिहून शाळेला द्यायचा आणि नंतर पद ज्युनियरकडे. सीबीएसईची दहावीची मुख्य परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, 2026 पासून मे महिन्यात दुसरी संधी आहे पण ती तीन विषयांपर्यंत मार्क सुधारायला, तिच्या भरवशावर पहिली सोडायची नाही. युनिट टेस्टमध्ये मार्क घसरले तर ग्रुप महिनाभर बंद, हे आधीच ठरवून टाका, मिस्टरांना पण बोलायला जागा राहणार नाही. आणि चारातून एक निवडायचं हे तिला तुम्ही सांगू नका, तिलाच टीचरकडे जाऊन तीन पदं परत करायला लावा, नाही म्हणायची सवय या वयात लागलेली बरी.

आता रात्रीचा ट्रेक. शाळेला लेखी विचारा की किती मुलांमागे किती इन्स्ट्रक्टर, त्यात बाई आहे का, त्यांचं प्रशिक्षण कुठलं, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची एचएमआय या गिर्यारोहण शिकवणाऱ्या संस्थांतला चार आठवड्यांचा बेसिक कोर्स केलेलं कोणी आहे का, फर्स्ट एड कोणाकडे, जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर, पाऊस आला तर परत फिरायचा निर्णय कोण घेणार. बाहेरची संस्था नेत असेल तर तिची नोंदणी बघा, राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्येच आलंय. उत्तरं गुळमुळीत आली तर पाठवू नका, मुलगी रुसली तरी चालेल. उत्तरं सरळ आली तर आधी अंजनेरीसारखा एखादा दिवसाचा ट्रेक करू द्या आणि मग रात्रीचा, तोही थंडीत. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्या पावसाळ्यात, रविवारच्या गर्दीत, असं काही पत्रकात असेल तर माझ्याकडून सरळ नाही.