पोटाचा सीटी झालाय, मग पुन्हा का?

"वडिलांना कावीळ, पित्तनळीत स्टेंट (नळी) टाकला, पोटाचा सीटीही झाला. तरी सर्जन परत सीटी सांगतात, पैसे काढायचा प्रकार तर नाही ना?" हे तुमचं वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. अण्णांच्या वेळी हाच वाद मी काउंटरवर घातला होता.

बहुतेक वेळा तो खरंच लागतो. (मी डॉक्टर नाही, पेशंटचा मुलगा. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.) साध्या सीटीत स्वादुपिंडाची गाठ कळते, पण व्हिपलला, म्हणजे ती गाठ काढायच्या मोठ्या ऑपरेशनला, शिरांचा नकाशा लागतो. आमच्या सर्जननी रिपोर्टच्या मागे पेनाने काढून दाखवलं: आतड्याकडून वर येणारी मोठी शीर आणि प्लीहेकडून आडवी येणारी, दोन्ही स्वादुपिंडाच्या मानेमागे मिळतात, तिथून पुढे यकृताकडे जाणारी पोर्टल व्हेन. गाठ त्या शिरेला निम्म्या घेरापेक्षा कमी चिकटलीय की जास्त, यावर आधी ऑपरेशन की आधी केमो हे बरंचसं ठरतं. शिवाय फांद्या प्रत्येकाच्या वेगळ्या. लहान आतड्याची पहिली शीर बहुतेकांत आतड्याच्या मोठ्या धमनीच्या मागून येते, काहींत पुढून. हे आत गेल्यावर कळलं तर रक्तस्रावाची भीती. म्हणून पॅन्क्रियाज प्रोटोकॉल, म्हणजे खास स्वादुपिंडासाठीचा सीटी: कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) सोडल्यावर साधारण 40-45 सेकंदांनी एकदा, 70 च्या आसपास दुसऱ्यांदा, आणि स्लाइस अगदी पातळ.

आमचं पहिलं चुकलं ते स्टेंट आधी, सीटी नंतर. सुजेमुळे कडा पुसट आल्या. तुमचीही ती वेळ गेलीय, पण ज्यांचा स्टेंट व्हायचाय त्यांनी निदान विचारून घ्या.

खरं डोकं फिरवलं ते स्कॅन सेंटरने. नाव लिहीत नाही. सर्जननी सीडी लावली तर आत नुसते चाळीसेक फोटो. ते माउसचं चाक फिरवतायत आणि पडद्यावर काही हलत नाही. परत गेलो तर आधी "फिल्म दिलीय की", मग "टेक्निशियन सुट्टीवर", शेवटी "सिस्टीममधून उडालं". नऊ दिवस गेले. पुन्हा पैसे, आणि अण्णांच्या त्याच काळ्यानिळ्या हातात पुन्हा सुई. बिलाची प्रत मात्र त्यांनी दोन मिनिटांत काढून दिली!

तेव्हा चिठ्ठीवर सर्जनकडूनच 'पॅन्क्रियाज प्रोटोकॉल' लिहून घ्या आणि पातळ स्लाइससकट पूर्ण डायकॉम डेटा (स्कॅनच्या मूळ फाइल्स) मागा. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा, शुगरची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. शाल न्या, आत गारठा असतो.

दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप घेऊनच गेलो. काउंटरवरच पेनड्राइव्ह लावला, सातशेच्या वर चित्रं दिसली, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.